संगांयोचं टेबल: निराधार आणि श्रावणबाळ योजना तहसीलमध्ये चालवताना

निराधारांना आणि वृद्धांना दर महिन्याला मिळणाऱ्या सरकारी अनुदानाचं कागदावर नाव 'विशेष सहाय्य योजना' असलं तरी गावात याला 'पगार' म्हणतात. निराधारचा पगार, श्रावणबाळचा पगार. तहसीलच्या संजय गांधी योजना (संगांयो) शाखेच्या टेबलापाशी दिवसभर जे प्रश्न येतात त्यात नव्या अर्जाचे थोडे आणि 'पगार का आला नाही' हेच जास्त असतात. त्यावरून या टेबलाचं खरं काम कुठे आहे ते कळावं. अर्ज मंजूर करणं तुलनेनं सोपं आहे. मंजूर झालेल्या माणसाच्या खात्यात दर महिन्याला पैसे पडणं, आणि जो माणूस यादीत नसायला हवा त्याचं नाव वेळेवर निघणं, ही दोन कामं अवघड आहेत. पुढची माहिती नव्यानं चार्ज घेणाऱ्या नायब तहसीलदारासाठी, अव्वल कारकुनासाठी आणि महसूल सहायकासाठी आहे. सेतूवाल्यांना आणि गावातल्या कार्यकर्त्यांनाही ती उपयोगी पडेल.

एक अडचण आधीच लक्षात घ्या. पैसे सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाचे आणि माणसं महसूल विभागाची, अशी या कामाची घडण आहे. गारपीट झाली की सगळे पंचनाम्याला, निवडणूक लागली की सगळे मतदार यादीला. त्यामुळे संगांयोचं जे काम तारखेला बांधलेलं नाही ते मागे पडतं. वर्षाचं वेळापत्रक तुम्हीच ठरवून भिंतीवर लावा. ते दुसरं कुणी लावून देणार नाही.

माणूस कुठल्या योजनेत बसतो

ही निवड खिडकीवरच व्हायला हवी, समितीच्या बैठकीत नाही. चार प्रश्न याच क्रमानं विचारा: वय किती, दारिद्र्यरेषेच्या यादीत कुटुंबाचं नाव आहे का, प्रवर्ग कोणता, कुटुंबाचं उत्पन्न किती.

वय ६५ च्या आत असेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजना. ही १९८० पासून चालू आहे. निराधार स्त्री-पुरुष, विधवा, अनाथ मुलं, दिव्यांग, क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग, एड्स, पक्षाघात यांसारख्या आजारांमुळे कमावू न शकणारे, सिकलसेलग्रस्त, घटस्फोटाच्या प्रक्रियेतल्या किंवा पोटगी न मिळणाऱ्या स्त्रिया, अत्याचारित महिला, वेश्याव्यवसायातून सोडवलेल्या महिला, देवदासी, तृतीयपंथी, तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या कैद्याची पत्नी, ३५ वर्षांवरच्या अविवाहित स्त्रिया, असे तिचे प्रवर्ग आहेत. वय ६५ किंवा जास्त असेल तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तीवेतन योजना.

उत्पन्नाची मर्यादा कुटुंबाला वर्षाला २१,००० रुपये, दिव्यांगांसाठी ५०,००० रुपये. राज्यात किमान १५ वर्षं वास्तव्य हवं.

कुटुंब दारिद्र्यरेषेच्या यादीत असेल तर केंद्राचा हिस्सा जोडला जातो. १९९५ पासूनच्या राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रमातल्या या योजना. वृद्धापकाळासाठी ७९ वर्षांपर्यंत २०० रुपये, ८० पासून ५०० रुपये. विधवेला ४० ते ७९ या वयात ३०० रुपये. दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १८ ते ७९ या वयात ३०० रुपये. उरलेली रक्कम राज्य घालतं. दोन्ही मिळून महिन्याला १,५०० रुपये होतात. २०१९ साली १,००० झालेली ही रक्कम जुलै २०२३ पासून १,५०० झाली. दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० रुपये आहेत.

इथे दोन चुका हमखास होतात. पहिली पिवळ्या शिधापत्रिकेची. पिवळं कार्ड म्हणजे दारिद्र्यरेषेच्या यादीतलं नाव नव्हे. केंद्राच्या योजनांना २००२ च्या सर्वेक्षणावर बनलेल्या यादीचा उतारा आणि त्यातला क्रमांक लागतो. त्या यादीत आजच्या विधवेचं नाव सासऱ्याच्या कुटुंबाखाली असतं, ते मयत असतात, आणि 'नाव सापडत नाही' म्हणून अर्ज परत जातो. यादी आडनावावर शोधू नका. गाव आणि कुटुंबप्रमुख यांवर शोधा.

दुसरी चूक प्रवर्गाची. दिव्यांग असलेली विधवा विधवा म्हणून नोंदली गेली की २,५०० चा लाभ तिला मिळणं अवघड, कारण ती दिव्यांग आहे हे पैसे वाटणाऱ्या पोर्टलला कळायला मार्गच नसतो. अर्ज घेताना 'अपंगत्वाचं कार्ड आहे का' हे प्रत्येकाला विचारा. जुन्या यादीतल्या विधवा आणि निराधार प्रवर्गांतही हा प्रश्न एकदा फिरवून घ्या.

घरातला कमावता माणूस १८ ते ५९ या वयात वारला आणि कुटुंब दारिद्र्यरेषेखालचं असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेचे एकरकमी २०,००० रुपये वेगळे आहेत. विधवा पगाराचा अर्ज घेऊन आली की हाही अर्ज त्याच दिवशी भरून घ्या. बहुतेकींना हा लाभ माहीत नसतो, आणि महिनाभरानं त्याच कागदांसाठी पुन्हा एसटीचं भाडं खर्च करून या म्हणणं बरं नाही.

कागद: कुठे अडतं आणि का

अर्ज हातात आला की आवक क्रमांक आणि पोच तिथल्या तिथे द्या. त्रुटी असेल तर तीही तिथेच, एकदाच, लेखी, सगळ्या मिळून. आज रहिवासी दाखला मागितला, पंधरा दिवसांनी उत्पन्नाचा मागितला, हा या टेबलाचा सर्वांत जुना रोग आहे.

वयाचा पुरावा. जन्म नोंदीचा उतारा, शाळा सोडल्याचा दाखला, शिधापत्रिका किंवा मतदार यादीतला वयाचा उतारा, यांतलं काही नसेल तर ग्रामीण किंवा नागरी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाच्या दर्जाच्या शासकीय डॉक्टरचा दाखला चालतो. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, हे आधार प्राधिकरणानंच स्पष्ट केलेलं आहे. आधार काढताना ज्याला फक्त वय सांगता आलं त्याला १ जानेवारी मिळाली, आणि शाळेत ज्याची तारीख गुरुजींनी घातली त्याला १ जून. त्यामुळे ६५ च्या सीमेवरच्या माणसाकडे दोन कागदांवर दोन वयं निघतात. कुठला पुरावा मानला ते टिपणीत एका ओळीत लिहा. ती ओळ नसली की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि वसुलीची भाषा सुरू होते. शिवाय पोर्टल वय आधारवरूनच घेत असेल, तर मान्य केलेला पुरावा आणि आधार जुळवून घेण्यासाठी माणसाला आधार केंद्रावर पाठवावं लागतं. हे मंजुरीआधी करा, नंतर नाही.

उत्पन्न. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. रोजगार हमीच्या २०२५-२६ च्या ३१२ रुपये मजुरीनं हिशेब केला, तर एका माणसाच्या ६७-६८ दिवसांच्या कामात ही मर्यादा भरते. ती वास्तवापासून किती दूर आहे हे सगळ्यांनाच ठाऊक आहे. परिणाम असा की गावोगावचे दाखले २०,००० किंवा २१,००० या दोनच आकड्यांवर थांबतात, आणि एका गावचे चाळीस दाखले एकाच आकड्याचे दिसले की तपासणाऱ्याला संशय घ्यायला दुसरं काही लागत नाही. ग्राम महसूल अधिकाऱ्याच्या (२०२४ पर्यंतचा तलाठी) अहवालात आकडा कसा आला ते मागा: जमीन किती, कोरडवाहू की बागायती, घरात कमावणारे हात किती, मजुरीचे दिवस किती. चार ओळी पुरतात. मुलगा वेगळा राहत असेल तर त्याची शिधापत्रिका वेगळी आहे का ते पाहा. एकाच कार्डावर नोकरीतला मुलगा असेल तर आई-वडील 'निराधार' कसे, हा प्रश्न समितीत येतोच. उलट बाजूही आहे. कार्ड वेगळं केल्याचा कागद आहे पण चूल एकच, हे स्थळपाहणीशिवाय कळत नाही.

रहिवास. जत, देगलूर, सिरोंचा अशा सीमेवरच्या तालुक्यांत पलीकडच्या राज्यातून लग्न होऊन आलेल्या बायकांचा १५ वर्षांचा पुरावा अडतो, कारण माहेरचे सगळे कागद कन्नड किंवा तेलुगूत आणि तिकडच्या पत्त्याचे. अशा वेळी जुनी मतदार यादी, मुलांच्या शाळा प्रवेशाची नोंद, शिधापत्रिकेत नाव चढल्याची तारीख, इथल्या रुग्णालयातली बाळंतपणाची नोंद, हे गोळा करायला सांगा. यांतले दोन कागद जुळले की दाखला द्यायला कुणाचा हात अडू नये.

दिव्यांगत्व. राज्याच्या योजनेला ४० टक्के, केंद्राच्या योजनेला ८० टक्के. आता बहुतेकांकडे यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) असतं. त्यावर टक्केवारीच्या शेजारी वैधता बघायला विसरू नका. काही प्रमाणपत्रं तात्पुरती असतात आणि मुदत संपल्यावर लाभ अडतो. मुदतीची तारीख रजिस्टरच्या वेगळ्या रकान्यात लिहा आणि तीन महिने आधी निरोप धाडा. जिल्हा रुग्णालयात दिव्यांग मंडळाचे वार ठरलेले असतात आणि गर्दी असते, त्यामुळे मुदत संपल्यावर धावपळ केली तर दोन-तीन महिने बुडतात.

सिकलसेल. विदर्भात आणि नंदुरबारकडे हे अर्ज जास्त. तपासणी अहवालावर 'एएस' असेल तर माणूस वाहक आहे, 'एसएस' असेल तर रुग्ण. वाहकांचे अर्ज अजाणतेपणी येतात आणि नामंजूर झाल्यावर राग टेबलावर निघतो. फरक खिडकीवरच समजावून सांगा.

विधवा. नवऱ्याचा मृत्यू दाखला, आणि त्यावरचं नवऱ्याचं नाव तिच्या आधारवरच्या मधल्या नावाशी जुळायला हवं. 'ज्ञानदेव', 'ज्ञानोबा', 'दगडू' ही एकाच माणसाची तीन नावं तीन कागदांवर सापडतात. स्वयंघोषणापत्र आणि ग्राम महसूल अधिकाऱ्याचा 'एकच व्यक्ती' असल्याचा अहवाल इथे पुरेसा धरा. राजपत्रात नाव बदलून आणा म्हणणं म्हणजे अर्ज न घेण्याचीच एक रीत आहे.

जे नाव यादीवर कारणासह छापायचं नाही

समितीसमोर जाणारी यादी आणि सूचनाफलकावरची यादी गावभर फिरते. एचआयव्ही बाधितांची ओळख जपण्याचं बंधन २०१७ च्या कायद्यानं घातलेलं आहे. तरी 'आजाराचं नाव' या रकान्यात 'एड्स' असं छापलेल्या याद्या आजही तयार होतात. बलात्कारपीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. वेश्याव्यवसायातून सोडवलेल्या बाईचा प्रवर्ग गावाच्या फलकावर लागला तर तिला ते गाव सोडावं लागेल.

उपाय साधा आहे. यादीत प्रवर्गाऐवजी सांकेतिक क्रमांक टाका. संकेत काय ते तहसीलदार आणि टेबलवाला यांच्यापुरतं ठेवा. मूळ कागद बंद पाकिटात नस्तीला (फाईलला) लावा. बैठकीत सदस्यांनी विचारलं तर 'वैद्यकीय प्रमाणपत्र तपासलेलं आहे' एवढं उत्तर पुरे. आधार क्रमांक कुठल्याही जाहीर यादीत पूर्ण छापायचा नाही, शेवटचे चार अंक बस्स.

समितीची बैठक

तालुक्याच्या समितीचा अध्यक्ष पालकमंत्र्यांच्या शिफारशीनं नेमलेला अशासकीय माणूस असतो. बैठकीआधी छाननी पूर्ण हवी. समितीनं पात्र यादीवर निर्णय घ्यायचा असतो, कागद चाळायचे नसतात. यादी तीन भागांत द्या: पात्र, अपात्र (कारणासह) आणि त्रुटीतले. त्रुटीतल्यांना अपात्र धरू नका. त्यांची नस्ती प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात ठेवा, नाहीतर पुढच्या बैठकीला ती सापडत नाही आणि माणसाला नवा अर्ज करावा लागतो.

इतिवृत्त त्याच दिवशी लिहून सह्या घ्या. चार दिवसांनी सहीला पाठवलेलं इतिवृत्त बदलून येतं, मधेच दोन नावं वाढलेली असतात. बैठक संपताच यादीच्या प्रत्येक पानाखाली 'एकूण इतके' असं अक्षरी लिहून आडवी रेघ मारा. नामंजुरीचं पत्र कारणासह घरपोच जाऊ द्या. 'निकषात बसत नाही' हे कारण होत नाही. 'कुटुंबाचं उत्पन्न दाखल्यानुसार ३६,००० असून मर्यादा २१,००० आहे' हे कारण झालं. आचारसंहिता लागली की नव्या मंजुऱ्या अडकतात, म्हणून निवडणुकीच्या वर्षात बैठक आधीच्या महिन्यात उरकून घ्या.

पैसे खात्यात पडेपर्यंत

पूर्वी तहसीलमधून देयक कोषागारात जायचं, मग धनादेश आणि यादी बँकेकडे, मग बँक एकेक नाव वाटायची. डिसेंबर २०२४ पासून रक्कम डीबीटी पोर्टलवरून थेट खात्यात जाऊ लागली. बँकेतली दिरंगाई कमी झाली, पण अडचण जागा बदलून आधारात येऊन बसली.

सगळ्यात मोठा गैरसमज आधार जोडणीचा. 'माझं खातं आधारला लिंक आहे' असं लाभार्थी म्हणतो आणि बँकवालाही मान डोलावतो. पण बँकेच्या संगणकात आधार क्रमांक भरलेला असणं वेगळं आणि एनपीसीआय या बँकांमधली देवघेव चालवणाऱ्या संस्थेच्या नकाशात त्या आधारापुढे ती बँक नोंदलेली असणं वेगळं. डीबीटीला फक्त दुसरी नोंद दिसते. ती एका वेळी एकाच बँकेची असते आणि शेवटची जोडणी आधीची पुसून टाकते. सिमकार्ड घेताना किंवा मोबाईलच्या दुकानात 'अंगठा द्या आजी' म्हणून उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं अशा वेळी घात करतं. पैसे जातात, पण आजीला माहीतच नसलेल्या खात्यात. आणि टेबलावर तक्रार 'सहा महिने पगार नाही' अशी येते.

म्हणून तक्रार आली की हा क्रम धरा. पहिलं, पोर्टलवर नाव सक्रिय आहे का. दुसरं, त्या महिन्याची रक्कम 'यशस्वी' दाखवते का. यशस्वी असेल तर कुठल्या बँकेत गेली ते बघा आणि माणसाला त्या बँकेत पाठवा, उगाच तहसीलच्या फेऱ्या मारायला लावू नका. अयशस्वी असेल तर कारण वाचा. 'आधार निष्क्रिय' म्हणजे आधार केंद्र. 'आधार खात्याशी जोडलेलं नाही' म्हणजे बँकेत जोडणीचा अर्ज, आणि त्यावर 'डीबीटीसाठी' असं ठळक लिहून घ्या. 'खातं बंद' म्हणजे केवायसी. दोन वर्षं व्यवहार नसलेलं खातं बँक निष्क्रिय धरते. जोडणी झाली की नाही हे आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस'मध्ये ओटीपी टाकून तिथल्या तिथे दिसतं. मोबाईल आधारला जोडलेला नसेल तर आधी तो.

प्रत्येक महिन्याच्या वाटपानंतर अयशस्वी नावांची यादी गाववार छापून कोतवालाकडून गावात पोचवा. समजा तालुक्यात ४,००० लाभार्थी आहेत आणि शंभरातले तीन अयशस्वी झाले. म्हणजे १२० माणसं. गावात निरोप गेला नाही तर या १२० जणांतला प्रत्येक जण किमान दोनदा तहसीलला येणार.

रक्कम कमी आल्याची तक्रार वेगळी असते. केंद्राचा हिस्सा आणि राज्याचा हिस्सा निरनिराळ्या दिवशी पडला की खात्यात एकदा १,३०० दिसतात आणि एकदा २००. लोकांना वाटतं पगार कापला. बचत खात्यातून विम्याचे हप्तेही जातात: जीवन ज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २०, बहुधा मेअखेरीस. पासबुक भरून आणायला सांगा, निम्म्या तक्रारी तिथेच सुटतात. बँकेनं पगाराची रक्कम थकलेल्या पीककर्जात वळती केली असेल तर शाखेला आणि जिल्ह्याच्या अग्रणी बँक व्यवस्थापकाला त्याच दिवशी पत्र द्या. तोंडी सांगून शाखा ऐकत नाही.

निधीच्या मागणीतली एक खोच: या योजनांचा पैसा २२३५ या मुख्य लेखाशीर्षाखाली (सरकारी हिशेबातल्या खात्याखाली) सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती अशा तीन वेगळ्या शीर्षांत येतो. लाभार्थ्याची जात चुकीची नोंदली गेली की एका शीर्षात पैसे शिल्लक राहतात आणि दुसऱ्यात तुटवडा पडतो. मार्चमध्ये शिल्लक परत जाते आणि तुटवड्यातले लोक एप्रिल-मेपर्यंत थांबतात. नोव्हेंबरमध्ये एकदा तिन्ही याद्यांतली माणसं मोजून मागणीशी ताळा करा. सुधारित अंदाजात आकडा दुरुस्त करायला तेव्हा वेळ असतो.

हयातीची तपासणी

दरवर्षी १ जानेवारी ते ३१ मार्च या काळात लाभार्थ्यानं हयात असल्याचा दाखला द्यायचा असतो. आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही पडताळणी होते, केंद्राच्या योजनांसाठी 'बेनिफिशरी सत्यापन' हे ॲप आणि सोबत आधारचं चेहरा ओळखणारं ॲप लागतं. म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे झिजलेले असतात, त्यांना चेहऱ्याची पडताळणी बरी पडते. पण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली, मान स्थिर न राहणारी, अंधाऱ्या घरात खाटेवर पडलेली माणसं यातही अडतात. खाट दारात आणा, उजेड समोरून येऊ द्या, टोपी-पदर मागे घ्या. तरी जमलं नाही तर कागदी दाखला आणि घरभेटीचा अहवाल घ्या. ॲप चाललं नाही या कारणावरून कुणाचा पगार बंद करायचा नाही.

तपासणीचे तीन महिने सगळीकडे सारखे सोयीचे नाहीत. बीड, अहिल्यानगरकडचे ऊसतोड कामगार दिवाळीनंतर कारखान्यावर गेलेले असतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. त्यांत निराधार प्रवर्गातल्या विधवाही असतात. त्यांची गाववार यादी काढून गाडी निघण्याआधीच चेहरा पडताळून ठेवता आला तर ठेवा, नाहीतर 'स्थलांतरित, एप्रिलमध्ये तपासणी' असा शेरा मारा. मेळघाटात आणि सातपुड्यात माणसं होळीला हमखास घरी येतात, म्हणून धारणी, चिखलदरा, अक्कलकुवा, धडगावच्या शिबिरांच्या तारखा होळीच्या आसपास धरा. नेटवर्क नसलेल्या पाड्यांवर ॲप चालत नाही, जवळच्या रेंजच्या टेकडीवर किंवा आश्रमशाळेत बोलवावं लागतं. बाकी तालुक्यांत महसूल मंडळाच्या गावी बाजाराच्या दिवशी बसा. त्या दिवशी माणूस तसाही येतो.

नाव कमी करणं

मयताच्या खात्यात पैसे जात राहणं हा लेखापरीक्षणातला सर्वांत मोठा आक्षेप. वारसांना सांगायची घाई नसते, त्यांच्या भरवशावर राहू नका. प्रत्येक ग्रामपंचायतीकडून आणि नगरपालिकेकडून मागच्या महिन्यातल्या मृत्यू नोंदींची यादी महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मागवा, ५ तारीख धरा. ती आपल्या यादीशी जुळवा आणि त्याच महिन्यात पोर्टलवर नाव थांबवा. आशाताई आणि कोतवाल यांना नोंदवहीच्या आधी कळलेलं असतं, त्यांचा फोन प्रमाण धरू नका, पण तेवढ्यावर तात्पुरतं थांबवून खातरजमा करा.

जास्तीची रक्कम खात्यात पडून असेल तर बँकेला मृत्यू दाखल्याची प्रत लावून ती परत करण्याचं पत्र द्या. वारसानं एटीएमनं काढली असेल तर आधी नोटीस. विधवा सून निराधार असेल आणि तिलाच नोटीस जाणार असेल, तर वसुलीबरोबर तिचा स्वतःचा अर्जही बघा.

६५ पूर्ण झालेल्यांची यादी वर्षातून दोनदा काढून त्यांना संजय गांधीतून श्रावणबाळकडे वर्ग करा. माणूस तोच, खातं तेच, कागद नस्तीत आहेत, म्हणून त्याला नव्यानं दारोदार फिरवायचं कारण नाही. वर्ग करताना मध्ये एक महिना कोरडा जाण्याचा धोका असतो: जुन्या योजनेतून नाव निघतं आणि नव्या योजनेत पुढच्या महिन्याला चढतं. दोन्ही नोंदी एकाच दिवशी, वाटपाची यादी गोठवण्याआधी करा.

लाडकी बहीण योजनेशीही ताळा लागतो. दुसऱ्या शासकीय योजनेतून महिन्याला १,५०० किंवा जास्त मिळत असतील तर त्या बाईला लाडकी बहीणचा लाभ नाही. दोन्हीकडे नाव असलेल्या बायकांचा निराधारचा पगार घाईनं बंद केला जातो, ही चूक टाळा. निराधार योजनेत ती आधीपासून पात्र आहे, ६५ नंतर श्रावणबाळमध्ये जाणार आहे, दिव्यांग असेल तर २,५०० ची हक्कदार आहे. कुठलं नाव ठेवायचं हे तिला समजावून, तिच्या लेखी म्हणण्यावर ठरवा.

चार्ज देताना-घेताना

लाभार्थी रजिस्टरची शेवटची संख्या योजनावार आणि प्रवर्गवार लिहून दोघांच्या सह्या घ्या, आणि ती पोर्टलवरच्या सक्रिय संख्येशी जुळते का बघा. फरक असेल तर नावांसकट लिहा. प्रतीक्षाधीन नस्त्या मोजून घ्या. शासन निर्णयांची स्थायी आदेश संचिका आहे का आणि शेवटचा निर्णय कोणत्या तारखेचा आहे ते पाहा. संपत आलेल्या दिव्यांग प्रमाणपत्रांची यादी मागा. आणि पोर्टलचा ओटीपी कोणाच्या मोबाईलवर जातो ते विचारा: बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचाच नंबर तिथे असेल तर तो बदलून मिळण्याचं पत्र पहिल्याच दिवशी जिल्हाधिकारी कार्यालयाला द्या, कारण पुढच्या वाटपाची यादी त्या ओटीपीशिवाय निघणार नाही.